मुसव्विर जंगांचे वारसदार

इंदूरच्या बांधकाम खात्यात नकाशे व अंदाजपत्रके करणारे लाला दीनदयाळ (जन्म १८४४) चाळिशी ओलांडल्यावर हैदराबादच्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले आणि ‘मुसव्विर जंग’ हा किताब पावले, हा दाखला जोडून छायाचित्रकार होण्यासाठी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज गुदरणाऱ्या गृहस्थांस इतकेच सुचवावेसे वाटते की, सांप्रत निजामाच्या गादीवर लोणच्याचा कारखानदार विराजमान आहे. कैरीवर ग्लिसरीनचे दवबिंदू चढवून, बरणीच्या काचेत आपलीच छबी उमटू नये म्हणून काळ्या कापडाआड दडून सिद्ध केलेल्या चित्रावर ‘बरणी जरा हसरी दिसू द्या’ असा हुकूम सुटतो, आणि बिल मात्र मंजुरीस्तव पडून राहते. हयातभर इतरांची बिले त्रुटी काढून परत धाडणाऱ्यास इतका तंतोतंत न्याय अन्य कोणत्याही व्यवसायात क्वचितच लाभेल.