पेनड्राइव्हवाले गृहस्थ

नेमणुकीच्या हुकुमात ज्यांचा हुद्दा काहीही लिहिलेला असो, परंतु ज्यांची खरी नेमणूक विधात्याने इतरांच्या संगणकांवर करून ठेवलेली असते, असे एक गृहस्थ प्रत्येक जुन्या कचेरीत आढळतात. त्यांच्या स्वतःच्या मेजावर आवक टपालाचा ढीग साचलेला असतो आणि निकाली काढावयाची प्रकरणे फितीत बांधलेली तशीच पडून असतात. पण शेजारच्या शाखेतला एखादा संगणक सुरू व्हायला पाव तास घेतो अशी वार्ता कानी येताच हे गृहस्थ खिशातील पेनड्राइव्ह चाचपीत जागचे उठतात, आणि त्या क्षणी त्यांच्या मुद्रेवर जो भाव उमटतो तो परोपकाराचा की शिकारीचा, याचा निर्णय मला अद्याप करता आलेला नाही.

‘संगणक जुना झाला, नव्याची मागणी पाठवू’ असे कोणी म्हटले की ते व्यथित होतात. त्यांच्या मते यंत्र कधीच म्हातारे होत नाही. म्हातारी होते ती त्याच्यावर अंमल गाजवणारी विंडोज. 8 एप्रिल 2014 रोजी एक्सपीचा, 14 जानेवारी 2020 रोजी सेव्हनचा आणि 14 ऑक्टोबर 2025 रोजी टेनचा सांभाळ कंपनीने सोडला, या तिन्ही तिथी त्यांना मुखोद्गत असतात. आणि टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची सोय अंगी नाही एवढ्याच सबबीवर इलेव्हनने कितीतरी धडधाकट यंत्रांना सक्तीने सेवानिवृत्त केले, हे सांगताना त्यांचा स्वर कातर होतो.

मग प्रवचन सुरू होते. हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने 1991 साली लिनक्स या मुक्त प्रणालीचे बीजारोपण केले, येथपासून आरंभ. मध्यंतरी लिनक्स स्वीकारणाऱ्या केरळच्या सरकारी शाळांचा आणि आपल्याच सी-डॅकने डेबियनच्या पायावर उभारलेल्या ‘बॉस’ प्रणालीचा सगौरव उल्लेख. आणि समारोप जर्मनीतील म्युनिकच्या नगरपालिकेवर. त्या पालिकेने 2003 साली विंडोजला निरोप देण्याचे ठरवले आणि दहा वर्षांच्या चिकाटीने सुमारे 15,000 संगणक लिनक्सवर आणले, ही कथा ते इतक्या तन्मयतेने सांगतात की, त्याच पालिकेने 2017 साली पुन्हा विंडोजकडे परतण्याचा ठराव केला हा उत्तरार्ध सांगावयास त्यांना वेळच उरत नाही. मी एकदा भीतभीत त्याची आठवण करून दिली, तेव्हा ‘तिथे राजकारण आडवे आले’ एवढेच उद्गारून त्यांनी मजकडे पाठ फिरवली.

प्रवचनाने न वळणाऱ्यांसाठी त्यांच्यापाशी प्रत्यक्ष प्रमाण असते. मूळ डिस्कला बोटही न लावता नवी प्रणाली पेनड्राइव्हवरूनच चालवून दाखवता येते. आणि चहापोह्यांच्या दिवशी आलेल्या स्थळात जसे काहीच उणे दिसत नाही, तसे त्या अर्ध्या तासात तिच्यातही दिसत नाही. आवाज येतो, चित्र हलते, इंटरनेट धावते. प्रिंटरची चौकशी मात्र त्या दिवशी कोणी करीत नाही. साहेबांपुढे टिपणी जाते. साहेब मुरलेले असतात. ‘विद्यमान प्रणाली अबाधित राखून नवीन प्रणाली बसविण्यास हरकत नसावी’ असा शेरा मारून ते दौऱ्यावर निघून जातात.

पुढे ऐंशी जीबीच्या डिस्कची वाटणी होते, पडद्यावरची टक्केवारीची पट्टी डावीकडून उजवीकडे सरकू लागते, आणि आमचे गृहस्थ हात पाठीमागे बांधून, पुढ्यातला चहा निवत असतानाही, तिच्याकडे अशा तृप्त दृष्टीने पाहत उभे राहतात की त्यांच्या आयुष्याचे सार्थक त्या पट्टीतच साठलेले असावे अशी शंका यावी. पट्टी शंभरावर पोचली की त्यांचे ममत्व ओसरू लागते. जुन्या राजवटीला पदच्युत करण्याचा सोहळा त्यांना प्रिय. नव्या राजवटीत नांदणे हे इतरांचे काम. त्या प्रणालीवर त्यांनी स्वतः एखादे साधे स्मरणपत्र लिहिल्याचे कोणाच्या पाहण्यात नाही.

दुसऱ्या दिवशी आस्थापना शाखेचे भाऊसाहेब खुर्चीवर बसतात आणि विचारतात, “माझी टेकडी कुठे गेली?” एक्सपीच्या पडद्यावरची ती हिरवी टेकडी कॅलिफोर्नियातल्या सोनोमा परगण्यातली, पण इतक्या वर्षांच्या वहिवाटीने ती भाऊसाहेबांच्या मालकीची झालेली असते. गृहस्थ तत्परतेने टेकडी आणून देतात. पण टेकडीने भागत नाही. कारण मराठी तीस आणि इंग्रजी चाळीसची परीक्षा देऊन नोकरीस लागलेल्या भाऊसाहेबांचे सारे दफ्तर युनिकोडपूर्व काळातल्या एका मराठी फॉन्टात टंकलेले असते. त्या फॉन्टांची रीत अशी, की रोमन अक्षरांसाठी राखलेल्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवायचे. फॉन्ट हजर असेतोवर ‘महोदय’ दिसते, आणि तो नाहीसा झाला की त्याच ठिकाणी रोमन अक्षरे, अर्धविराम व कंस यांचा असा काला होतो की तो मजकूर वाचून कोणाची बदली झाली आणि कोणाची वेतनवाढ रोखली गेली, हे ब्रह्मदेवालाही उमगू नये. गृहस्थ फॉन्ट आणून बसवतात, अक्षरे परत येतात. परंतु टंकयंत्राच्या जुन्या कळफलकाबरहुकूम लिहू देणारे ते सॉफ्टवेअर विंडोजखेरीज चालायला साफ नकार देते.

“भाऊसाहेब, युनिकोड शिका. इनस्क्रिप्ट कळफलक शास्त्रशुद्ध आहे, पंधरवड्यात हात बसेल.”

“अहो, शास्त्र मला पटेल हो, बोटांना कोण पटवणार? त्यांची पेन्शनची कागदपत्रे तयार झालीत.”

खरे सांगायचे, तर या वादात न्याय गृहस्थांच्या बाजूला आहे. देवनागरीला युनिकोडात 1991 सालीच जागा मिळाली होती, आणि भाऊसाहेबांच्या त्या फॉन्टातले पत्र दुसऱ्या कचेरीत उघडेल याची आजही शाश्वती नाही. पण न्याय आणि आवक-जावक यांची सांगड आमच्या कचेऱ्यांत क्वचितच पडते.

अखेरीस, क्लाइव्हने 1765 नंतर बंगाल्यात चालवलेल्या दुहेरी राज्यव्यवस्थेचे स्मरण व्हावे, अशी तडजोड अमलात येते. संगणक सुरू होताच दोन्ही प्रणालींची यादी पडद्यावर झळकते. नवी अग्रभागी, एक्सपी तळाशी, आणि दहा सेकंदांत कोणी काही न दाबल्यास सत्ता आपोआप नवीकडे जाते. म्हणून भाऊसाहेबांनी शिपायाला तोंडी हुकूम देऊन ठेवलेला आहे, की सकाळी तसबिरीला उदबत्ती ओवाळून झाली की खालच्या बाणाची कळ शेवटची ओळ येईतोवर दाबावी आणि मग एंटर ठोकावा. शिपाई रजेवर गेला की त्या दिवशी लिनक्सचे राज्य येते, आस्थापना शाखेतून एकही पत्र जावक होत नाही, आणि नव्या प्रणालीत पत्त्यांचे ऐंशीहून अधिक डाव आहेत असे कळल्यापासून भाऊसाहेब त्याबद्दल तक्रारही करीत नाहीत.

गृहस्थांच्या वहीत हा संगणक ‘मुक्त’ या सदरी नोंदलेला आहे. अधूनमधून ते दारातून डोकावतात.

“काय भाऊसाहेब, दिसते ना आमची प्रणाली?”

“दिसते की! रोज सकाळी न चुकता दिसते.”

गृहस्थ समाधानाने मान डोलावतात आणि रोखपालांच्या खोलीकडे वळतात; तेथल्या यंत्राने इलेव्हनला नकार दिल्याची पक्की खबर त्यांना नुकतीच लागलेली असते.