धडधाकट, पण अपात्र

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे नेहमीचे अपडेट थांबले आणि घरोघरचे धडधाकट संगणक एका रात्रीत म्हातारे ठरले. पुढच्या विंडोज ११वर जावं, तर तिला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. शिवाय प्रोसेसरही ठरावीक पिढीचाच, सोयरिकीत कूळ बघावं तसा. तंत्रप्रेमींना मात्र पर्वणीच! कुणी रुफस नावाचं साधन वापरून या अटींना बगल देतो, कुणी शेजारच्या काकांच्या संगणकावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही प्रणाली टाकून त्यांना टर्मिनलमधल्या आज्ञा शिकवतो. काकांना हवी असते फक्त वीजबिलाची छापील प्रत, आणि प्रिंटर काही सापडत नाही. (तो विंडोजमध्येही सापडत नव्हता, ते सोडा.) तरीही संगणक भंगारात देण्याआधी पेनड्राइव्हवरून लिनक्स नुसतं चालवून बघा; इन्स्टॉल केलं नाही, तर हार्ड डिस्कवरचं काही पुसलं जात नाही.