वन्संना पाच तारे, विहीणबाईंना तीन

अहो, ऐकलंत का? ती बादली ठेवा खाली आणि या अशा भिंतीजवळ. कपडे नंतर वाळत घाला, ऊन काही पळून जात नाही. मोठ्यानं बोलायची सोय नाही हो, बी विंगच्या वहिनींचं किचन नेमकं वरच आहे...

तर त्यांच्याकडचं लग्न. लग्न छानच झालं, मी कुठे नाही म्हणते? मठ्ठा तर मी दोनदा मागून घेतला. पण पाहुणे उतरवण्यावरून जे रामायण झालं ना, ते तुमच्यापर्यंत आलेलं नसणार. तुम्ही नेमक्या नाशिकला होतात.

आता आपल्या मरोळात हॉटेलांना काय तोटा? एअरपोर्टची कृपा! सहारला लीला, मराठा, जेडब्ल्यू मॅरियट. अंधेरी-कुर्ला रोडला मधली मधली. साकीनाक्याकडे वळलात की गल्लीत लॉज, लॉजवर लॉज. त्या मराठामध्ये रेस्टॉरंटचं नाव पेशवा पॅव्हिलियन आहे, आणि तिथंच दम पुख्तमध्ये लखनवी बिर्याणी. म्हणजे नाव मराठ्यांचं, पंगत नवाबाची! आणि लीला तर १९८६ पासून उभी आहे. त्या कॅप्टन कृष्णन नायरांनी बायकोच्या नावानं अख्खं पंचतारांकित हॉटेल काढलं, आणि आमच्या ह्यांना दारावरच्या पाटीत माझं नाव घालायला अजून पेंटर मिळत नाहीये. जाऊ दे.

तर काय सांगत होते... हां. वहिनी म्हणाल्या, आपण इथलेच, आपल्याला हॉटेलं काय कोणी शिकवायची? पण मला सांगा, मरोळचा माणूस मरोळच्या हॉटेलात झोपलाय कधी? आपण रिक्षातून बोर्ड वाचणारे. आत गादी कशी, नळाला गरम पाणी किती वाजेपर्यंत, लिफ्ट आहे की नाही, आपल्याला काय माहीत! पाहुणेच आपल्याला सांगतात, तेसुद्धा गेल्यावर.

वहिनींनी काय केलं, वहीत तीन रकाने आखले. पहिल्यात वन्सं, न्यूजर्सीच्या. मधल्यात विहीणबाई नि त्यांची पुण्याची मंडळी. शेवटी माहेरचे, म्हणजे कुडाळचे भाऊ-भावजय आणि आई. वही मला दाखवली होती त्यांनी. मी तेव्हाच म्हटलं, वहिनी, ही वही कोणाच्या हाती लागू देऊ नका हं... नाही ऐकलं.

आता गंमत ऐका. वन्संना आधी कुठे उतरवणार होत्या, ठाऊक आहे? आपल्या मागच्या गल्लीतल्या लॉजवर! "घरापासून दोन मिनिटं, सारखं येता-जाता येईल," म्हणे. म्हणे हो! खरं कारण पैसे, दुसरं काय. पण भाऊजी विचारायला गेले तर मॅनेजरनं हात जोडले. "साहेब, फॉरेन पासपोर्टवाले आम्ही घेत नाही." कारण परदेशी पासपोर्टचा माणूस उतरला की हॉटेलवाल्याला चोवीस तासांच्या आत फॉर्म भरून कळवावं लागतं सरकारला. छोटे लॉजवाले म्हणतात, कशाला ती झंझट? वन्संना फोनवर हे सांगितलं तर त्या भडकल्याच. "मी कूपर हॉस्पिटलात जन्मलेय, मी कसली फॉरेनर!" पण पासपोर्ट निळा तो निळाच की हो.

मग वन्संनी स्वतःच काय ते बघितलं. सहारचं पंचतारांकित. कुठलं ते नाव मी घेत नाही. आणि... इकडे या जरा... पैसे शून्य! पॉइंट्सवर! ऑफिसच्या कामानं वर्षभर अमेरिकेत हिंडतात ना त्या, एकाच कंपनीच्या हॉटेलांत उतरतात, त्याचे साठलेले पॉइंट्स. त्यांचे नाही गेले, वहिनींचे नाही गेले. आणि वहिनी काय सांगत सुटल्या सगळीकडे? "एकुलती एक नणंद आहे हो, खर्चाकडे नाही बघितलं आम्ही." माझ्यासमोर सांगितलं! मी पदर तोंडाला लावून गप्प.

आता मधला रकाना. विहीणबाईंसाठी भाऊजींनी तीन स्टारचं बघितलं, मेन रोडला, मेट्रो समोर. मॅनेजर म्हणाला, सात हजार सहाशे. भाऊजी अकाउंट्सवाले, तुम्हाला माहीतच आहे, त्यांनी तिथल्या तिथं मोबाईल काढला. २२ सप्टेंबर २०२५ पासून नवीन जीएसटी आहे ना, साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीला पाच टक्के आणि त्याच्या वर गेलात की अठरा. म्हणजे साडेसात हजारांची खोली पडते ७,८७५ ला, आणि सात हजार सहाशेची पडते ८,९६८ ला! भाडं शंभरानं जास्त, बिल हजाराच्या वर जास्त. आमच्या ह्यांनी पण करून बघितलं, बरोबर आहे. भाऊजींनी मॅनेजरला बरोबर साडेसात हजारावर आणलं आणि आठवडाभर लिफ्टमध्ये भेटेल त्याला हा हिशोब सांगितला. वॉचमनलासुद्धा.

पण मॅनेजर काय दूधखुळा आहे? शंभर रुपये सोडले आणि नाश्ता काढून टाकला!

सकाळी विहीणबाई छान आवरून खाली आल्या, मोत्यांच्या कुड्या वगैरे घालून, तर तो बुफेच्या दाराशी उभा असलेला पोरगा म्हणतो, "मॅडम, रूम ओन्ली." रूम ओन्ली! सगळी वरात समोरच्या उडप्याकडे इडली खायला. विहीणबाई काय म्हणाल्या ते मला त्यांच्या जाऊबाईंनीच सांगितलं. चटणीची वाटी पुढे ओढली आणि शांतपणे म्हणाल्या, "आमच्याकडे पुण्यात पाहुण्यांना नाश्ता देतात हो." बास. एवढंच. आणि पुण्याची बाई हे म्हणतेय, बघा आता!

ह्या जाऊबाईंचं तर वेगळंच. त्या दुबईच्या. विमान रविवारी पहाटे पावणेदोनला उतरणार, म्हणून भाऊजींनी खोली घेतली रविवारपासून. बरोबरच वाटतं ना? मला पण वाटलं असतं. पण हॉटेलचा रविवार उजाडतो दुपारी दोनला! काउंटरवरचा मुलगा म्हणाला, बुकिंग आहे, पण चेक-इन दोन पी.एम. विमान मध्यरात्रीनंतरचं असेल तर खोली आदल्या दिवसाची घ्यायची असते हो, शनिवारची. जाऊबाई, दीर आणि ते झोपेनं रडवेलं झालेलं नातवंड, तिघं लॉबीतल्या सोफ्यावर. टी-टूहून मरोळ नाका मेट्रोनं एक स्टेशन, पण त्या वेळी मेट्रो कुठली? टॅक्सीला वेगळे मोजले. भाऊजी साडेतीनला झब्बा उलटा घालून धावत गेले, तेव्हा अर्ध्या दिवसाचं भाडं भरून खोली उघडली. जीएसटीत वाचवलेलं असं सोफ्यावर गेलं.

आणि नागपूरचे कोणी होते, ते टी-वनला उतरले, पार विलेपार्ल्याच्या बाजूला. बुकिंगवर लिहिलेलं "एअरपोर्टपासून जवळ". हो, पण कुठल्या एअरपोर्टपासून? ते असो.

माहेरच्यांचं सांगायचं राहिलंच. भाऊ-भावजय आणि आई कोकणकन्येनं आले, पहाटे अंधारात ठाण्याला उतरले, लोकलनं घाटकोपर, तिथून मेट्रोनं मरोळ नाका. हे मात्र लॉजवर, आणि लॉज चोवीस तास चेकआउटवाला. तुम्ही पहाटे सहाला शिरा, दुसऱ्या दिवशी सहापर्यंत खोली तुमची. पहाटे येणाऱ्याला ह्याच्यासारखं सोयीचं नाही. ते दुबईवाले बघा आणि हे बघा! खोलीला खिडकीला पडदा होता, फुलांफुलांचा. भावजयीनं हौसेनं सरकवला तर मागे भिंत! खिडकीच नाही. मी म्हटलं, अगंबाई, गुदमरलात की! भाऊ म्हणाले, "झोपूक खिडकी कित्याक?" त्यांचे आजोबा म्हणे लालबागला गावच्या खोलीत राहायचे. गावकऱ्यांनी मिळून घेतलेली एक खोली, प्रत्येकाची एक ट्रंक, एक वळकटी, आणि पाळी बघून झोपायचं. तेव्हा बजेट हॉटेल ते हेच! पैसेवाल्यांना सरदारगृहासारखी ठिकाणं. क्रॉफर्ड मार्केटजवळचं हो, लोकमान्य मुंबईत आले की तिथं उतरायचे, १९२० साली १ ऑगस्टला गेले पण तिथंच.

भाऊ खूश होते, पण आई? लॉजला लिफ्ट नव्हती आणि खोली तिसऱ्या मजल्यावर! म्हातारीचे गुडघे तुम्ही बघितलेत ना. पहिल्याच जिन्यावर बसल्या. मग काय, वहिनींच्या बेडरूममध्ये आई, आणि वहिनी-भाऊजी हॉलमध्ये गादी टाकून. भाड्यात जे वाचवलं ते वहिनींच्या कमरेनं भरलं. आणि भाऊ दुसऱ्या दिवशी आपल्या सुक्या मासळीच्या बाजारात जाऊन सोड्यांचा भाव विचारून आले, अख्खी संध्याकाळ त्याच धक्क्यात होते. "कुडाळात ह्या भावात माणूस जेवून वर पान खाईल!"

मुलाचे बडोद्याचे मित्र मात्र हुशार निघाले. मुंबई सेंट्रल स्टेशनात ते पॉड हॉटेल आहे ना, २०२१ साली उघडलेलं, कपाटाएवढ्या अठ्ठेचाळीस झोपायच्या पेट्या, तिथं पडले. सुरू झालं तेव्हा बारा तासांना ९९९ रुपये होता भाव. सकाळी उठून भुयारी मेट्रोनं थेट मरोळ नाका. कोणाला त्रास नाही, कोणाच्या वहीत नाव नाही.

तर मेहंदीच्या संध्याकाळी... आता खरी गोष्ट ऐका. सगळ्या बायका गोल करून बसलेल्या. वन्संचे दोन्ही हात मेहंदीनं भरलेले, तोंड मोकळं. म्हणाल्या, "सकाळी ब्रेकफास्टला किती ते प्रकार! मी तर नुसते अप्पेच खाल्ले, समोर करून देतात." विहीणबाईंनी मान वळवली. "कुठे उतरलात तुम्ही?" वन्संनी सांगितलं नाव. विहीणबाईंचा चेहरा, काय सांगू तुम्हाला, टम्म फुगलेली पुरी झाऱ्यानं टोचावी तसा खाली बसला. मग हळूच विचारलं, "वहिनींनीच केली का हो सोय?"

आता वन्सं काय म्हणणार? पॉइंट्सचं सांगितलं तर वहिनी खोट्या पडणार. नाही सांगितलं तर विहीणबाईंचा मान जाणार. वहिनी सरबताचा ट्रे घेऊन दारातच थिजलेल्या. आणि वन्सं गोड हसून म्हणाल्या, "वहिनीचा आग्रहच असतो." अहो, मी समोर होते! वहिनींच्या ट्रेमधले ग्लास किणकिण वाजले.

आणि तेवढ्यात ती वही! चिंचवडची कोणी मावशी मेहंदीचा कोन शोधत होती, तिनं ड्रॉवर उघडला. तीन रकाने, वर नावं, समोर भाडं. विहीणबाईंनी चष्मा लावून वाचलं. आपल्या नावासमोर साडेसात हजार, वन्संच्या नावासमोर मोकळं. मोकळं म्हणजे काय समजायचं माणसानं? त्यांनी समजलं, आकडा लिहायलासुद्धा लाजल्या, इतका मोठा असणार!

लग्नात हसून सगळं केलं हो त्यांनी. विहीण ती विहीण, रीत नाही सोडली. पण निघताना वहिनींच्या ओटीत नारळ घातला आणि म्हणाल्या, "मे महिन्यात ह्यांची साठीशांत आहे. तुम्ही सगळ्यांनी यायचं. राहायची काळजी करू नका, मी जातीनं बघते."

काल आलं ना त्यांचं पत्र, व्हॉट्सअ‍ॅपवर. स्वारगेटजवळ बुक केलंय. फोटो पाठवलाय खोलीचा. पडदा आहे, फुलांफुलांचा. आणि खाली एक ओळ, "नाश्ता आमच्याकडेच."

वहिनी दुपारी माझ्याकडे येऊन बसल्या होत्या. चहा घेतला नाही, बिस्कीट घेतलं नाही. बराच वेळ मोबाईलवर काहीतरी बघत होत्या, मग हळूच विचारतात मला, "अहो, ते पॉइंट्स मे महिन्यापर्यंत जमतील का हो?"