मयत खात्याच्या दत्तक वारसास

राजमान्य राजश्री वसुली अधिकारी साहेब यांचे सेवेशी,

साष्टांग नमस्कार वि. वि.

आपले समन्स बेलिफाच्या हस्ते पोचले. अंबड तालुक्यातल्या आमच्या गावात एसटी यायला कुरकुरते. आपला कागद मात्र थेट ओट्यावर आला. ज्याचे तोंड कधी पाहिले नाही, ज्याला कधी छदामही दिला नाही, त्याच्यावर केवढा हा जीव! आम्ही कर्ज घेतले ते दुसऱ्याच कंपनीचे, 2011 साली, मोटारसायकलसाठी. त्यांनी ते खाते आपल्याला विकले म्हणे. केवढ्याला, तेवढे दाव्यात लिहायचे राहून गेले. असो, घाईत होते असे.

2012 च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, तशी आमचीही वाळली आणि हप्ते थांबले. पुढच्या वर्षी कंपनीची माणसे आली, गाडी घेऊन गेली. ती कितीला विकली, ते पैसे कोणाच्या खात्यात जमा झाले, हे आजतागायत कळवून आपण आमचे डोके शिणवले नाही, याबद्दल आभारी आहे. दाव्यात गाडीचे कर्ज पूर्ण बाकी, त्यावर व्याज, व्याजावर दंडव्याज, आणि गाडी ओढून नेण्याचा खर्चही आमच्याच नावे! एवढा बारीक हिशेब ठेवणाऱ्याच्या वहीत विक्रीची एक ओळ सापडू नये, हा निव्वळ योगायोग.

जुना सावकार बिचारा दामदुपटीला अडायचा. व्याज मुदलाएवढे झाले की त्याची मागणी थांबायची. आपल्या मागणीला असली खेडवळ बंधने नाहीत, हे वाचून प्रगतीवरचा विश्वास वाढला.

वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नये, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2022 मध्ये बजावले. आपण मात्र आम्हाला धारेच्या वेळेला उठवता. शिवाय सरपंचांना, मेव्हण्याला आणि लेकीच्या सासरीही आमची खुशाली कळवता. नात्यागोत्याची एवढी कदर हल्ली घरचेही करत नाहीत.

पण सगळ्यांत गोड त्या आपल्या ताई. “काका, फक्त पाचशे रुपये भरा, या कागदावर सही करा, फाईल बंद करून टाकते.” लाखाच्या दाव्यावर पाचशेत समाधान! डोळे भरून आले. पण चष्मा पुसून कागद वाचला. त्यात “उर्वरित रक्कम देण्याचे मी कबूल करतो” अशी ओळ होती.

साहेब, 1963 च्या मुदत कायद्याप्रमाणे अशा उधारीचा दावा तीन वर्षांत लावायचा असतो. त्या तीन वर्षांच्या आत ऋणकोने लेखी कबुली दिली, किंवा थोडी रक्कम भरून तशी सही केली, तर मुदत नव्याने सुरू होते. मुदत उलटून गेल्यावर कबुलीला ती ताकद उरत नाही. तेव्हा ‘देईन’ असे लेखी वचन लागते, आणि तसे सहीनिशी दिले की 1872 च्या करार कायद्याचे कलम 25 त्याला जीव देते. कोरोनाकाळ सर्वोच्च न्यायालयाने मुदतीतून वगळला खरा. पण आमची मुदत त्याच्या कितीतरी आधी संपली होती. म्हणजे खाते मयत, आपण दत्तक वारस, आणि त्याला उठवायला लागते फक्त आमची सही. ताईंचा गोडवा त्या सहीसाठी होता, हे कळायला थोडा वेळ लागला, क्षमस्व.

युक्ती आपली, असे समजू नका हं. इंग्रजी अमलात 1859 च्या कायद्याने मुदत आखडली, तेव्हा पुणे-नगरकडचे सावकार मुदत भरण्याआधी कुणब्याकडून नवे खत लिहून घेत. त्यात मागचे व्याज मुदलात मिसळलेले असे. मे 1875 मध्ये सुप्याला लोकांनी ती खतेच जाळली. आमचा जालना तेव्हा निजामाकडे, त्यामुळे आम्हाला जाळपोळीचा अनुभव नाही. आम्ही आपले कागद वाचतो.

मागे आपण लोकअदालतीची नोटीस पाठवली होती, तीही प्रेमानेच. तिथली तडजोड दोघांच्या संमतीने होते आणि त्या निवाड्यावर अपील नाही, हे आपण सांगायचे विसरलात. गावातल्या दोघातिघांनी भिऊन तिथे सह्या केल्या. काहींनी समन्सच घेतले नाही. दारात चिकटवून गेले, तरी कोर्टात कोणी फिरकले नाही. मुदतबाह्य दावा प्रतिवादीने हरकत घेतली नाही तरी कोर्टाने फेटाळावा, असे कायदा म्हणतो. पण दुसरी बाजू सांगायला कोणी उभेच नसले, की एकतर्फी हुकूमनामा व्हायला वेळ लागत नाही. आपला धंदा या गैरहजेरीवर चालतो, साहेब, आणि फार छान चालतो.

म्हणून आम्ही हजर राहण्याचा उद्धटपणा करत आहोत. लेखी कैफियतीला तीस दिवस असतात, त्यांच्या आतच ती दाखल केली आहे. पुढच्या तारखेला अंबडच्या दिवाणी न्यायालयात यावे. येताना मूळ करारनामा, पहिल्यापासूनचा खातेउतारा, खाते विकत घेतल्याचा दस्त आणि गाडी विकल्याची पावती आणावी. चहा आमच्याकडून.

कळावे, लोभ आहेच, तो थोडा कमी व्हावा.

आपला,
प्रतिवादी क्रमांक 1

ता. क. : कैफियतीवर सही वकिलांसमोर केली आहे. या पत्राखाली करत नाही.