तयार माणूस पाहिजे

बालाघाटचा चढ चढून ट्रक येरमाळ्यात पोचतो तेव्हा त्याची क्लच प्लेट कुरकुरायला लागलेली असते. ती कुरकुर ड्रायव्हरच्या आधी गॅरेजवाल्या अण्णांना ऐकू येते. सोलापूर-धुळे महामार्गालगतच्या पत्र्याखाली बसल्या बसल्या, गाडी थांबायच्या आत ते दुखणं सांगतात आणि मग गाडीखाली घालायला माणूस शोधतात. माणूस नसतो. "तयार माणूस मिळंना बगा," हे वाक्य ते ड्रायव्हरला, चहावाल्याला आणि येडेश्वरीच्या दर्शनाला निघालेल्या अनोळखी कुटुंबालाही ऐकवतात.

तयार माणूस म्हणजे कसा? बारा-तेराचा पाना मागितला की बारा-तेराच देणारा. नव्या गाडीला स्कॅनर लावून सेन्सरचं दुखणं काढणारा. यात्रेत सुट्टी न मागणारा. आणि पगार मात्र शिकाऊचा घेणारा. असा माणूस जन्माला यावा, एवढीच अण्णांची अपेक्षा. फक्त तो दुसऱ्याच्या गॅरेजात जन्माला यावा.

१ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचा बीएस-सिक्स नियम आला आणि अण्णांची पंचाईत वाढली. गाडीत डिझेलबरोबर युरियाचीही टाकी आली. "आता गाडीला बी खत लागतंय," म्हणत ते हसले, पण डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा काही त्यांच्या हसण्यानं विझेना.

हा आजार एकट्या अण्णांचा नाही. ढाबेवाल्याला तयार आचारी हवा, खव्याच्या भट्टीवाल्याला तयार कारागीर, पवनचक्कीच्या ठेकेदाराला तयार वायरमन. पुण्याकडच्या कंपन्यांनाही तोच हवा असतो. ते त्याला 'अनुभवी उमेदवार' म्हणतात, एवढाच फरक.

मग एकदा उद्योजक आणि प्रशिक्षण संस्था यांचा मेळावा भरला. अण्णांना उद्योजक म्हणून निमंत्रण. शाल, नारळ, समोर पाण्याची बाटली. अण्णांनी भाषण ठोकलं, "तुम्ही माणूस तयार करा, आम्ही काम देतो!" टाळ्या पडल्या. पाठोपाठ आयटीआयतले डिझेल मेकॅनिकचे निदेशक उठले. "अण्णा, तयार करायला तुमचंच गॅरेज पाहिजे. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे. ३० किंवा त्याहून जास्त माणसं असतील तर अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यावेच लागतात. ४ ते २९ असतील तर मालकाच्या मर्जीवर."

'मर्जी' म्हटल्यावर अण्णांचा चेहरा खुलला.

"विद्यावेतनातला २५ टक्के वाटा, महिन्याला १५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार देतं."

"म्हंजे पाऊण पैसे मी द्यायचे, शिकवायचं बी मीच, आन् शिकला की त्यानं चाकणच्या कंपनीत जायचं. व्हय ना सर?"

सर गप्प. खरं सांगायचं तर या प्रश्नावर भलेभले गप्प होतात. देशातल्या हजाराहून जास्त सरकारी आयटीआयना २००७ पासून एकेक उद्योजक जोडून दिला, समित्या केल्या, अडीच-अडीच कोटींचं बिनव्याजी कर्ज दिलं. १९ ऑक्टोबर २०२३ ला महाराष्ट्रात एका दिवसात ५११ ग्रामीण कौशल्य केंद्रांचं उद्घाटन झालं. पण शिकवलेलं पोरगं शेजाऱ्यानं पळवू नये याची तजवीज कुठल्याच अर्जात नाही. २०२४ च्या कार्य प्रशिक्षण योजनेत आयटीआयवाल्याला महिना ८००० रुपये सरकारच देणार, हे ऐकून मात्र अण्णा सावरून बसले. "मग दोन पाठवा," म्हणाले. "तयारच पाठवा."

नंतर सरांनी आयटीआयची कार्यशाळा दाखवली. स्टँडवर उभं कापलेलं इंजिन, आत लाल-हिरवा रंग, पिस्टन उघडा. अण्णांनी सवयीनं लांब स्क्रू-ड्रायव्हर उचलला, टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानाला लावली. "ह्यातनं आवाज येत न्हाई, सर. आवाजाशिवाय पोरगं शिकतंय कसं?" सरांनी ते वाक्य वहीत टिपून घेतलं आणि विचारलं, "स्कॅनर आहे का तुमच्याकडं? आमच्या मुलांना बघायला मिळेल?" अण्णांनाही नेमकं तेच विचारायचं होतं. त्यानंतर सगळ्यांचा मिळून फोटो काढला.

गंमत अशी, की अण्णांच्या पत्र्याखाली दिवसभर शिकवणंच चाललेलं असतं. तिथलं पोरगं डिझेलच्या घमेल्यात नट धूत असतं. अण्णा ओरडतात, "बारा-तेरा!" ते चौदा-पंधरा देतं. अण्णा त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात, आणि मग त्याच्या कानाला स्क्रू-ड्रायव्हर लावून विचारतात, "खडखड का खरखर?" पोरगं म्हणतं खरखर. "मग बेअरिंग. खडखड असती तर टॅपेट." याला ते शिकवणं मानत नाहीत, त्यांच्या हिशेबी तो डोक्याला ताप.

येडेश्वरीच्या चैत्री यात्रेला चुनखडी वेचायला लाखो माणसं लोटतात, तेव्हा चाकणला गेलेला त्यांचा जुना पोऱ्याही येतो. अंगात कंपनीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. पायाला हात लावला की अण्णा चौकभर ओरडून सांगतात, "माझ्याच हाताखालचा हाय!" मग आवाज खाली आणतात. "तुमच्या कंपनीत एखादा तयार माणूस आसंल तर सांग की."

"अण्णा, आमच्या साहेबांनी तुमच्याकडंच विचारायला सांगितलंय. तुमच्या हाताखालचं आणखी कुणी तयार झालंय का?"

अण्णांनी घमेल्याकडं पाहिलं. पोरगं कान टवकारून बसलं होतं.

"न्हाई," अण्णा म्हणाले. "ह्ये आजून लई कच्चं हाय."