मार कोणाला द्यायचा?

भाचा : मामा, 'चांगदेव पासष्टी'चा मांगा काढतोय. जपानी चित्रकथा! ज्येष्ठात तुकोबांची पालखी वरवंडला मुक्कामी आली, की तिथंच विकायचा.

मामा : हे सांगायला दौंडहून न्हावऱ्यामार्गे शिरूर गाठलंस? दाखव. हे पान कोरं का?

भाचा : चांगदेवांचं पत्र! ज्ञानदेवांना 'चिरंजीव' लिहावं की 'तीर्थरूप', ठरेना. म्हणून कोरंच धाडलं.

मामा : वा, एक पान तरी चोख उतरलंय. पुढं?

भाचा : आठ पानं वाघ, हातात सापाचा चाबूक. मग सहा पानं भिंत चालते.

मामा : आणि पत्राचं उत्तर? वाघाच्या आधी पासष्ट ओव्या आहेत.

भाचा : तिथंच गाडी अडलीय. फायटिंग बसत नाही.

मामा : बसेल कशी? माउली म्हणतात, तू आणि मी दोन नाहीच. मग मार कोण कोणाला देणार?

भाचा : मांगावाल्या तेझुकांनी बुद्ध काढला की! १९७२ ते १९८३ चालला.

मामा : बुद्धाला देवदत्त होता.

भाचा : युगो साकोंचं जपानी ॲनिमेशन रामायण? आपले राम मोहन होते सोबत. जानेवारी २०२५ला पुन्हा थेटरात लागलं.

मामा : रावण! एकाच गड्यात दहा तोंडं फोडायची सोय.

भाचा : बरं, मार्क्सचं 'भांडवल'! २००८ साली जपानात त्याचासुद्धा मांगा निघाला.

मामा : तिथं कारखानदार आहे. आपल्याकडच्या कुठल्याही ऊसवाल्याला पेन्सिल दे, पुस्तक न वाचता काढून देईल.

भाचा : मग ओव्यांतलंच मीठ घेतो. पाण्याची खोली मोजायला निघालेलं. त्याला तलवार देतो, केस उभे करतो...

मामा : दुसऱ्या चौकटीत हिरो विरघळला. तिसरीत काय, पाणी?

भाचा : पाण्यालाच व्हिलन करू.

मामा : अरे, मीठ पाण्यातनंच आलंय! मुक्ताई चांगदेवांना म्हणाली ना, चौदाशे वर्षं जगून कोराच राहिलास? तुझं दौंडातच उरकलं.

भाचा : आणि तुमची पोथी? लाल फडक्यात, फळीवर. ती कोण उघडतं?

मामा : दर एकादशीला वाचतो मी.

भाचा : मोठ्यानं वाचता. अर्थ विचारला की म्हणता, मोठा झालास की कळेल. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे मी! माझी पोरं वाघासाठी का होईना, पान उलटतील.

मामा : वाघ बघतील आणि मिटतील. कीर्तनातसुद्धा भिंत चालली की निम्मा मांडव उठतो.

भाचा : म्हणून काढायचंच नाही?

मामा : काढ. पण भांडण नाही म्हणून ओव्याच गाळल्यास, तर चांगदेव आला कशाला? वाघ फिरवायला?

भाचा : तुम्हाला तरी कळलंय का सगळं?

मामा : चांगदेवांना चौदाशे वर्षं लागली.

भाचा : पालखी ज्येष्ठातच येते, मामा.

मामा : मग वाघ चार पानांत आटप. उरलेली चार त्या मिठाला दे.

भाचा : वाघ कमी होणार नाही.