महालक्ष्म्यांचे नाकेदार

वऱ्हाडातल्या ज्या घरी भाद्रपदात ज्येष्ठा-कनिष्ठा महालक्ष्म्या बसतात, त्या घरी पुण्यामुंबईपासून नागपूरपर्यंत पांगलेला सारा गोतावळा तीन दिवसांपुरता एका छपराखाली गोळा होतो. आणि जिथे गोतावळा गोळा होतो, तिथे त्याच्या आरोग्याचा भार स्वखुशीने शिरावर घेणारे एक काकाजी असतातच. अमरावती-यवतमाळ रस्त्यावरच्या आमच्या नेरात असे काकाजी गल्लीगणिक सापडतील. ते बहुधा सेवानिवृत्त असतात, तहसिलीत किंवा पंचायत समितीत त्यांची हयात गेलेली असते, आणि सरकारने शिक्का काढून घेतला असला तरी शिक्का मारण्याची सवय काढून घेण्याची तजवीज कोणत्याही पेन्शनच्या नियमांत नसते.

आवाहनाच्या दिवशी एसटीतून उतरलेली पाहुण्यांची पहिली तुकडी ओट्यापाशी पोहोचते, तेव्हा काकाजींचा बंदोबस्त पुरा झालेला असतो. एका अंगाला पाण्याचे घंगाळ, त्याच्या कडीला सुतळीने बांधलेली साबणाची वडी, बाजूला आवक-जावक रजिस्टर, आणि काकाजींच्या उजव्या हातात २०२० साली विकत घेतलेले ते ताप मोजण्याचे पिस्तूल, ज्याच्या सेलचे झाकण हरवल्यामुळे त्याला रबर गुंडाळलेले आहे. हे यंत्र गेली काही वर्षे लहानथोर, आजारी, धडधाकट असा कोणताही भेद न मानता प्रत्येकाच्या कपाळावर ९४ हाच आकडा दाखवते. खरोखर तितके अंग ज्याचे गार पडले असेल त्याला पाटावर नव्हे, दवाखान्यात नेले पाहिजे, पण मर्यादा ओलांडली नाही एवढ्यावर काकाजी संतुष्ट असतात आणि समोरच्या रकान्यात ‘रुजू’ असे लिहितात.

त्यांचे ज्ञान उथळ आहे असे मात्र कोणी समजू नये. फ्लू झालेला मनुष्य ताप चढण्याच्या आदल्या दिवसापासूनच तो इतरांना वाटू लागतो, आणि गोवरचा रोगी खोलीतून निघून गेला तरी त्याचा प्रसाद तिथल्या हवेत दोन तासांपर्यंत रेंगाळतो, हे ते बिनचूक सांगतात. प्लेगच्या धास्तीने झालेला १८९७ चा तिसरा कायदा त्यांना मुखोद्गत आहे; अवघी ४ कलमे, पण त्यांच्या बळावर आगगाडीतला उतारूसुद्धा तपासता येत असे, हे सांगताना त्यांचा आवाज सद्गदित होतो. १९१८ च्या जूनमध्ये मुंबई बंदरात उतरलेली मानमोडी पावसाळ्याच्या अखेरीस अधिक उग्र होऊन परतली आणि देशात ज्या मुलखांची तिने सर्वाधिक दैना केली त्यांत मध्यप्रांत-वऱ्हाड होता, ही हकिकत ते नेमकी पुरण वाटणाऱ्या बायकांसमोर सांगतात.

एवढी विद्वत्ता असता गडबड होते ती अंमलबजावणीत. परवाच्याच एका वर्षी पुसदहून आलेला, दहा वर्षांचा, नात्याने फार लांबचा एक पुतण्या आंबील ढवळली जात असताना एकदा, आणि तेही कोपरात तोंड घालून, शिंकला. “काकाजी, मले कायी झालं नाही जी, फोडणीचा ठसका नाकात गेला,” अशी त्याची जबानी होती. परंतु ती नामंजूर होऊन त्याची रवानगी बंगईच्या खोलीत झाली. वेगळे ताट, वेगळा गडू, खिडकी उघडी, दार बंद. सोळा भाज्यांपैकी त्याच्यापर्यंत किती पोहोचल्या याची नोंद रजिस्टरात नाही.

त्याच सायंकाळी नागपूरचे जावईबापू अवतीर्ण झाले. गळ्यात मफलर, डोळे लाल, आणि खोकला असा की मखरातल्या महालक्ष्म्यांचे मुखवटे हलावेत. काकाजींनी पिस्तूल रोखले, मग एकाएकी खाली केले आणि अत्यंत अदबीने विचारले, “प्रवासाची धूळ असेल, नाही?” जावईबापू “हो” म्हणाले. बाहेर सकाळपासून पावसाची झड लागली होती आणि रस्त्यावर धूळ नावाला नव्हती. पण रजिस्टरात ‘कारण : धूळ’ असे मोत्यासारख्या अक्षरात उमटले. ज्याला ताप आहे त्याने फोन करून घरी निजावे, हे मला साबणाइतकेच मान्य आहे; पण जावयाला ‘यंदा येऊ नका’ असा फोन करण्याची छाती असलेले घर मी अद्याप पाहिलेले नाही, आणि ज्या घरात सून अंगात कणकण असताना शंभर पोळ्या लाटते तिथे तिचे कपाळ पिस्तुलाच्या टप्प्यात येतच नाही. पंगतीत जावईबापूंना मानाचा पाट मिळाला, त्यांनी आग्रहाचा घास स्वहस्ते डाव्या-उजव्या शेजाऱ्यांना भरवला, आणि पहिला घास घेण्याचा मान अर्थातच काकाजींचा होता.

विसर्जनानंतर दुसऱ्याच दिवशी घर आडवे झाले. डोक्याला पंचा बांधून, घोंगडीत बसल्या बसल्या काकाजींनी रजिस्टर मागवले आणि कण्हत कण्हत चौकशीचा अहवाल सांगून लिहवला : पाहुणे एकूण सर्व ९४, जावईबापूंच्या बाबतीत कारण नमूद, शिंक सिद्ध झालेला इसम एकच, सबब, साथीचा उगम बंगईच्या खोलीतून झाला असे मानण्यास सबळ आधार आहे. आरोपीची कैफियत घेण्याचे तेवढे राहून गेले, कारण साऱ्या घरात आपल्या पायांवर उभा असलेला तो एकटाच असल्याने त्याला गोळ्या आणायला मेडिकलमध्ये पिटाळले होते. आणि निघताना काकाजींनी त्याला दारातून बजावले होते की, जावईबापूंच्या खोकल्याचे औषध तेवढे चांगल्या कंपनीचे आण.